सोशिक हा शब्द सोडून

अमरावती रोडवर, वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे आमची गल्ली आहे. या गल्लीत सुमंत वझलवार सरांना लग्नाची पत्रिका द्यायची हमखास राहून जाते. बारशाला तर त्यांची आठवणच कोणाला होत नाही. पण कोणी गेलं, की घरात रडणं नीट सुरू व्हायच्या आत एक जण म्हणतो, "सरले फोन करा गा." डॉक्टर अजून नाडी बघतच असतो आणि इकडे सर इस्त्रीचा पांढरा सदरा शोधायला लागलेले असतात.

कारण शोकसभा. आमच्याकडे घाटावर अग्नी दिला की माणसं लगेच घराकडे पळत नाहीत. शेडखाली बसतात. कोणी वजनदार माणूस आलेला असला तर तो अध्यक्ष. नसला तर वयानं मोठा आणि निसटून जायला हळू असेल तो अध्यक्ष. मग एकेक जण उठून गेलेल्याविषयी बोलतो, शेवटी दोन मिनिटं मौन होतं, आणि नळावर हातपाय धुऊन मंडळी आपापल्या वाटेनं जातात. आता या सभेत बोलायला माणूस लागतो. बहुतेकांची गाडी "लय चांगला माणूस होता" इथंच बंद पडते. सरांची पडत नसे. त्यांनी त्या रस्त्यावर डांबरच टाकून ठेवलं होतं.

सर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे. त्यातही कथा. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, निवेदन आणि आशय, हे सगळं त्यांनी इतकी वर्षं शिकवलं की झोपेत कूस बदलतानाही त्यांचा क्रम चुकत नसेल. शिकवायचे मात्र छान. म्हणायचे, "ट्रक आला, हमाल उठले, ही झाली बातमी. ट्रक उशिरा आला म्हणून हमालाचा डबा थंड झाला, आणि डबा थंड झाला म्हणून तो मुकादमावर खेकसला, इथून कथानक सुरू होतं." पोरं मान डोलवायची आणि गाईडमधलं उत्तर लिहून यायची. निवृत्त झाल्यावर एवढं सामान घेऊन माणूस जाणार कुठं? घाटावर गेला.

पहिल्यांदा गेले तेव्हा माणसं खरोखर रडली होती. मग बोलावणी वाढली, आणि सरांनी एक साचा केला. गेलेला माणूस शांत आणि मनमिळाऊ. बालपण हलाखीचं. संघर्ष परिस्थितीशी. कळस म्हणजे मुलांची शिक्षणं. बायको सोशिक, खंबीरपणे पाठीशी उभी. आणि आशय असा, की कष्टाचं चीज होतं. ज्याच्या बापाच्या दोन आरागिरण्या होत्या, त्यालाही सरांनी हलाखीचं बालपण दिलं, आणि त्याचे भाऊ हुंदके देत ऐकत होते. मी मागच्या रांगेत बसून हसू दाबत होतो.

माझं इतवारीत कापडाचं दुकान होतं, आता पोरगा बघतो. मला उद्योग नाही, त्यामुळे सगळ्यांचे उद्योग मला ठाऊक असतात. सर आणि मी संध्याकाळी पानठेल्यावर उभे असायचो. मी त्यांना डिवचायचो, "सर, माझं काय काय सांगणार ते आताच ऐकवा. आवडलं नाही तर मरण लांबवता येईल."

ते दमल्यासारखं हसायचे. "तुमचं काय सांगायचं, भैय्याजी? शांत आणि मनमिळाऊ."

"सर, मी?"

"सगळेच."

हे "सगळेच" ते असं म्हणायचे की पान कडू लागायचं.

हा थकवा कुठून आला तेही मला ठाऊक आहे. त्यांची बायको यमुताई गेली तेव्हाची गोष्ट. स्वतःच्या बायकोच्या शोकसभेत नवरा कसा बोलणार, म्हणून त्यांचाच एक जुना विद्यार्थी उठला. आता मोठा वकील आहे. त्यानं सरांचाच साचा उचलला आणि यमुताईंना त्यात नीट बसवलं. "अत्यंत सोशिक," तो म्हणाला. यमुताई भजी तळताना शीळ वाजवायच्या, आणि ती रस्त्यापर्यंत ऐकू यायची. एकदा वर्गणीला आलेल्या पोरांना त्यांनी अशी शीळ घातली की पोरं पावतीपुस्तक टाकून पळाली. सर शेडमध्ये खाली मान घालून स्वतःचीच वाक्यं ऐकत बसले होते. त्या दिवसापासून ते जिना चढल्यासारखे बोलतात, एकेक शब्दाला थांबून. पण फोन आला की जातात. साचा तोच. नवा करायला अंगात बळ लागतं.

तर आता शोभाताई.

शोभाताईंची मेस गल्लीच्या तोंडावर. ट्रकचे ड्रायवर, गोदामातले हमाल, भाड्याच्या खोल्यांतली पोरं, सगळी तिथं जेवायची. नवरा कवडूजी एका गोदामात मुकादम होता. तो गेला, सर बोलले, आणि नेहमीप्रमाणे सगळं पार पडलं असतं. पण शोभाताईंचा मुलगा जितेंद्र, त्यानं पुण्याच्या काकाला दाखवायचं म्हणून सरांचं भाषण मोबाइलवर घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या गल्लीतल्या बाया घाटावर जात नाहीत. म्हणजे इतक्या वर्षांत त्यांच्या नवऱ्यांविषयी, सासऱ्यांविषयी आणि त्यांच्या स्वतःविषयीही सर तिथं काय बोलतात, हे त्यांच्यापैकी एकीनंही कधी ऐकलेलं नव्हतं. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले आणि दुपारी बाया मोबाइल मधोमध ठेवून गोल बसल्या. आधी डोळ्यांना पदर लागले. मग एकेक पदर खाली आला. सूनबाई रितिका मला नंतर म्हणाली, "भैय्याजी, आईंनी ते तीनदा लावलं. तिसऱ्यांदा तर मी घाबरूनच गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताई सरांच्या ओट्यावर हजर. मी पेपर वाचायला तिथंच बसलो होतो. माझा पेपर मी सरांकडेच वाचतो.

"सर, त्या दिवशी घाटावर कोन मेलं होतं?"

सर गोंधळले. "कवडूजी."

"माह्या नवरा?"

"हो."

"मंग तुमी दुसऱ्याचंच काहून सांगून राहिले होते?"

मी पेपर थोडा वर धरला.

"मनमिळाऊ म्हनलं तुमी त्याले," शोभाताई म्हणाल्या. "सर, थो मानूस जितू लहान होता तेव्हापासून माह्याशी एक शब्द बोलला नाई. ताटावर बसे अन् भिंतीले सांगे, वरन पाह्यजे. मी भिंतीकडून ऐकून वाढो. अन् मी कोन? सोशिक! भैय्याजी, तो पेपर खाली ठेवा अन् सांगा, मी सोशिक व्हय?"

"ज्यानं तुमच्या ताटात बिडी विझवली होती, त्या ड्रायवरला विचारतो," मी म्हणालो. "तो अजून वाडीत उतरत नाही. उपाशी कामठीपर्यंत जातो."

त्या हसल्या नाहीत. खांबाला टेकून त्यांनी श्वास घेतला. त्यांच्या पायांवर सूज होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"डॉक्टर म्हनते, हृदय मोठं झालं. पुढचा उन्हाळा दिसन का नाई, सांगता येत नाई म्हनते. म्हंजे आता लाइनीत मी. तुमी माह्याबद्दल काय बोलनार ते मले आत्ताच ऐकवा."

"शोभाताई," सर म्हणाले, "असं आधी कोणी ऐकत नाही."

"म्हनूनच तर तुमचं चालून राहिलं."

समोरून एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा तो टूंटूं आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघंही तसेच. मग सर म्हणाले, "मला तुमची गोष्ट ठाऊक नाही. तुम्ही सांगा. मी बघतो."

त्यानंतर दुपारी दुपारी आमची बैठक शोभाताईंच्या मागच्या खोलीत बसायला लागली. कूलर सुरू, शोभाताई खाटेवर, पुढ्यात वांग्यांची टोपली आणि विळी. सर खुर्चीवर. मी कशाला? मी अध्यक्ष.

सरांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं. "आजवर सगळ्या गोष्टी मी घाटाच्या शेडमध्ये उभा राहून सांगितल्या. तिथून स्वयंपाकघर दिसत नाही. निवेदक कुठं उभा आहे, यावर त्याला काय दिसतं ते ठरतं. पोरांना हे शिकवलं मी. पाच गुणांना यायचं."

"माह्या स्वयंपाकघरातून घाट दिसत नव्हता," शोभाताई म्हणाल्या. "बरोबरी झाली. लिहा आता."

"लिहीत नाही. ऐकतो."

आणि काय सांगायच्या बाई! हमालांना भाकरी मोजून वाढणाऱ्या मेसवाल्यांची नक्कल. पहिला स्टोव्ह पेटला तेव्हा जळालेली भुवई. रात्री उशिरा आलेल्या एका ड्रायवरनं जेवता जेवता आईच्या आठवणीनं रडायला सुरुवात केली, तर यांनी त्याला म्हटलं, रडून घे, पण वरण निवू देऊ नको. सर हसायचे. किती दिवसांनी हसायचे म्हणून सांगू? रितिका सदरला विमा कंपनीच्या कचेरीत जाते. ती संध्याकाळी घरी आली की दारातूनच विचारायची, "आज आई कुठवर मेल्या?"

"आताशी लगन झालं वं माह्यं," आतून उत्तर यायचं.

मग कवडूजींच्या न बोलण्याची पाळी आली. शोभाताईंनी विळी जोरात चालवली. "मी मेस सुरू केली ते त्याले पटलं नाई. बायकोच्या कमाईनं नाक कापलं गेलं त्याचं. म्हनून तोंड बंद केलं. बस."

घरी जाताना सर गल्लीत मध्येच उभे राहिले, मागून हातगाडीवाला ओरडला तरी हलले नाहीत.

"भैय्याजी, गोष्टीत खड्डा आहे."

"कुठं?"

"मेस जितेंद्रच्या जन्माआधीची. कवडूजी त्या मेसमध्ये पाणी भरत होते, कांदे आणत होते, हे त्यांनीच सांगितलं. बोलणं बंद झालं जितेंद्र शाळेत जायला लागल्यावर. मग इतकी वर्षं नाक शाबूत होतं आणि एकाएकी कापलं गेलं? कारण लहान आहे, परिणाम फार मोठा आहे. मध्ये काहीतरी झालेलं आहे, आणि निवेदक ते सांगत नाही."

आता हे मी पोटात कसं ठेवणार? माझ्या पोटात साबुदाण्याशिवाय काही टिकत नाही. सांगून टाकलं. मागची ती खोली, जिथं आम्ही रोज बसत होतो, ती कवडूजीच्या म्हाताऱ्या आईची. मेस वाढली, ड्रायवरांना बसायला जागा पुरेना. शोभाताईंनी सासूला काटोलकडे मोठ्या दिराच्या घरी पाठवलं. आंबे खाऊन या म्हणाल्या, थोडे दिवस. त्या खोलीत टेबलं लागली. म्हातारी तिकडे बोलावण्याची वाट बघत राहिली. पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर तीच गेली. कवडूजी तिला पोचवून आला, हातपाय धुतले, ताटावर बसला आणि भिंतीला म्हणाला, वरण पाहिजे.

सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"आणि मी कवडूजींच्या वेळी परिस्थितीशी संघर्ष सांगितला."

"छान सांगितला होता," मी म्हणालो. कधी कधी मलाही गप्प बसायला जमायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं. घुमवून फिरवून नाही, सरळ. "शोभाताई, सासूबाई या खोलीतून गेल्या, तेव्हा कवडूजी काही म्हणाले होते का?"

विळी थांबली. अर्धं वांगं तिच्या पात्यातच राहिलं. शोभाताईंनी आधी सरांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि मला कूलरच्या मागे जाऊन बसावंसं वाटलं.

"भैय्याजी, तुमच्या तोंडाले कुलूप बसवनारा लोहार नाई जन्मला."

"ताई, मी आपलं…"

"ऐकून झालं ना? जा आता दोघंबी. मले पोरं जेवू घालायची हायेत."

बैठक मोडली. मेसवरून जाताना त्या आमच्याकडे बघतही नसत. मला तर रितिका पाठवायची ती डब्यातली भाजीही बंद झाली, ती शिक्षा वेगळी. मला वाटलं होतं, सरांना वाईट वाटेल. वाटलं असेलही. पण ते पानठेल्यावर म्हणाले, "एका परीनं सुटलो. इतकी वर्षं पोरांना प्रश्न घातला, पात्राचा हेतू स्पष्ट करा. पात्र समोर बसून भाजी चिरतंय, त्याच्या पायांना सूज आहे, आणि आपण हेतू विचारतोय, असं कधी झालं नव्हतं. हे काम माझं नाही. आता मी कोणाच्याच मयतीत बोलणार नाही."

"आणि शोभाताईंच्या?"

"त्यांना नको असलेलं मी सांगणार नाही. ते सोडून सांगायचं तर पुन्हा सोशिकच सांगावं लागेल. खड्डा बुजवायला तोच शब्द हाताशी असतो."

हिवाळा असाच गेला. शोभाताईंना एकदा दवाखान्यात ठेवून आणलं, मग पुन्हा एकदा. मेस रितिका आणि एक बाई मिळून चालवायला लागल्या. शिमगा झाला आणि एका सकाळी रितिका सरांच्या ओट्यावर आली. मी पेपर वाचत होतोच.

"सर, आई बोलावून राहिल्या. भैय्याजींनापन."

"मला?" मी म्हणालो. "मारायला?"

"ते नाई सांगितलं."

शोभाताई त्याच खोलीत, त्याच खाटेवर. अंगानं निम्म्या झाल्या होत्या. बोलायला धाप लागत होती, पण जीभ जागेवर होती. आम्ही बसल्याबरोबर त्यांनी सरांना विचारलं, "तुमी माह्या नवऱ्याच्या मयतीत म्हातारीचं नाव काहून नाई घेतलं?"

"मला ठाऊक नव्हतं."

"त्याले होतं ना. त्याच्या जिंदगीत तेवढीच गोष्ट होती, अन् तुमी ते सोडून बाकी सगळी सांगली."

सरांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"मी इचार करून राहिली होती," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "माह्यी गोष्ट म्हातारीले सोडून सांगाल, तर थो भिंतीशी काहून बोले हे कोनाले समजनच नाई. लोक हसतीन. म्हनतीन, येडा होता. येडा नव्हता थो." मग त्यांनी उशी पाठीशी नीट लावून घेतली. "सांगा तेबी. मी पाठवलं म्हातारीले. मले जागा पाह्यजे होती. पुन्हा बोलावलं नाई. असंच सांगा."

"बरं."

"पन पश्चात्ताप झाला म्हनू नका."

"झाला नाही?" सरांनी विचारलं.

"झाला का नाई ते माह्यं मी पाहीन. तुमाले काय करायचं? अन् शेवटी ते काढू नका, थे… काय म्हनता तुमी, यावरून आपन असं शिकलो…"

"आशय."

"हाव. थो नको. जेवून झाल्यावर कोनी मले पोट भरलं का विचारलं तर मले राग येते. ज्याचं त्याले समजते." मग त्या रितिकाकडे वळल्या. "अन् तू घाटावर जाय. समोर बस. हा सोशिक म्हनला का उठून उभी राह्य, चारचौघात."

"आई, बाया नाई जात तिकडे."

"म्हनूनच जाय म्हनते. नाई तर याच्यावर ध्यान कोन ठेवन?"

मी म्हणालो, "ताई, मी आहे ना."

"तुमी!" त्या म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी हसल्या, आणि हसून इतका खोकला आला की रितिकानं आम्हाला बाहेर काढलं.

ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा गेल्या. झोपेत. जितेंद्रनं सरांना फोन केला, तेव्हा सरांचा सदरा घालून झालेला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अंबाझरीच्या घाटावर माणूस मावत नव्हता. रोडवर ट्रक लावून ड्रायवर आले होते. अध्यक्षपदी एक माजी नगरसेवक, त्यांच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष जास्त. आणि शेडखाली सगळ्यात पुढे रितिका. एकटी नाही. तिच्यामागे गल्लीतल्या बाया, पदर सावरत, एकमेकींना चिकटून. पुरुष मंडळी कुठं बसावं ते न कळून खांबांशी उभी राहिली. एक म्हातारबा माझ्या कानाशी म्हणाले, "बाया कायले आल्या?"

"तपासायला," मी म्हणालो.

आधी दोघंतिघं बोलले. एकानं शोभाताईंना अन्नपूर्णा म्हटलं, दुसऱ्यानं माउली. मग सर उठले. खांबाजवळच्या नेहमीच्या जागेवर गेले नाहीत. बायांच्या समोर, उन्हाच्या कडेला उभे राहिले.

"शोभाताई चांगल्या होत्या की नव्हत्या, हे मी सांगणार नाही," ते म्हणाले. "त्यांच्या वांग्याच्या भाजीत तेल जास्त असायचं. कोणी तसं म्हटलं तर ताट उचललं जायचं."

ड्रायवरांच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला आणि घाबरून थांबला. सरांनी जळालेली भुवई सांगितली. बिडीवाला सांगितला. वरण निवू न देणारं रडणं सांगितलं. मग ते मागच्या खोलीकडे आले. गोष्ट शोभाताईंनी सांगितली होती, तशीच. जागा पाहिजे होती. आंबे खाऊन या म्हणाल्या. पुन्हा बोलावलं नाही. कवडूजी आईला पोचवून परत आले, ताटावर बसले, आणि त्यानंतर ते भिंतीशी बोलले. "माणूस मनमिळाऊ नव्हता," सर म्हणाले. "गेल्या खेपेला मी इथं चुकीचं सांगितलं. तो आईवेगळा झालेला माणूस होता, आणि रोज त्याच खोलीशेजारी बसून जेवत होता. वाढणाऱ्या बाईनं एक दिवसही त्याचं वरण चुकवलं नाही. दोघांपैकी एकानंही त्या गोष्टीचा विषय पुन्हा काढला नाही."

जितेंद्र दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आजी आंबे खायला गेली, एवढंच त्याला ठाऊक असणार.

आता शेवट यायचा होता. सरांचा शेवट आम्हाला सगळ्यांना पाठ. थकलेला माणूस ओळखीच्या रस्त्यानं घरी जातो तसे सर त्या वाक्याकडे निघाले.

"अशा या…"

बायांनी माना वर केल्या. रितिकानं एक हात जमिनीवर टेकवला. इतक्या वर्षांत "अशा या"च्या पुढे बाईसाठी सोशिक सोडून दुसरा शब्द आलेला मी ऐकला नव्हता. सरांचे ओठ हलले. थांबले.

"अशा या शोभाताई," ते म्हणाले आणि खाली बसले.

आपण काय शिकलो ते कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे संपलं हे कोणाला कळेना. अध्यक्ष वाट बघत राहिले. मौन पाळा असं कोणी म्हणालं नाही, तरी सगळे गप्प. चितेत लाकूड फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, आणि रितिका उठून उभी राहिली.

सर दचकले. पोरगा चोरी करताना सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला. "मी म्हटलं नाही, बेटा," ते म्हणाले. "तो शब्द मी म्हटला नाही."

"नाई म्हटलं सर," रितिका म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती एका पायावर उभी होती. "पायाले मुंग्या आल्या."

नळावर आम्ही हातपाय धुतले. सरांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या पायांवर पाणी मी घातलं. ऑटोत बसल्यावर मी विचारलं, "सर, आता माझं काय सांगणार?"

"तुमचं?" त्यांनी मागे डोकं टेकलं, डोळे मिटले. "तुमचं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. माझ्यासाठी काही उरलं नाही."

ऑटो अमरावती रोडला लागला. ट्रकांची रांग होती, ऊन डोळ्यांत घुसत होतं. मला वाटलं सरांना झोप लागली. तेवढ्यात डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "यमू भजी तळताना शीळ वाजवायची, भैय्याजी."

हे मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती कोणती चाल वाजवायची, वर्गणीच्या पोरांचं काय झालं, पावतीपुस्तक नंतर कोणी नेऊन दिलं, हे सगळं मी त्यांच्यापेक्षा चांगलं सांगू शकलो असतो. सर सांगत होते, चुकत होते, मागे जाऊन पुन्हा सुरू करत होते, आणि वाडी येईपर्यंत मी मध्ये एकदाही बोललो नाही. गल्लीत विचारून पाहा. कोणी विश्वास ठेवणार नाही.